बंडी, ट्रॉली आणि भार

(कोहमारा येथे प्रौढांच्या वर्गापुढे एका निवृत्त मुख्याध्यापकाने दिलेले व्याख्यान)



आज ट्रॉलीविषयी बोलायचे आहे. तुम्ही म्हणाल, गुरुजींनी जन्मभर पाढे शिकवले, यांना ट्रॉलीतले काय कळते? बरोबर आहे. ट्रॅक्टर मी चालवत नाही. पण ट्रॉलीचा प्रश्न निम्मा पाढ्यांचाच आहे. तो कसा, ते आता पाहू या.

परवा एका तरुण ड्रायव्हरला मी विचारले, "बाबू, ट्रॉली जोडताना तू काय काय पाहतोस?"

तो हसला. म्हणाला, "पाहाचं काय गुरुजी? ट्रॅक्टर मागं घेतला, पिन टाकली, झालं."

पिन टाकली की ट्रॉली जोडली जाते, हे खरे. पण भार किती आहे, कुठे बसला आहे, कोणत्या चाकावर बसला आहे, हे पिन सांगत नाही. आणि सगळा खेळ त्या भाराचा आहे.

आपले कोहमारा हे चौरस्त्याचे गाव. मुंबईहून कोलकात्याला जाणारा महामार्ग इथून जातो. पूर्वी त्याला ६ नंबरचा रस्ता म्हणत. आता त्याचा नंबर ५३ आहे. उत्तरेकडे गोरेगाववरून गोंदियाला रस्ता फुटतो. दक्षिणेकडे नवेगावबांध आणि अर्जुनी मोरगावकडे जातो. रात्रंदिवस मोठाले ट्रक धावतात. दिवाळीनंतर धान निघाले की याच रस्त्यावर आपल्या ट्रॉल्या उतरतात. उन्हाळी धानाच्या वेळी पुन्हा तेच. बांधीतून खळ्यावर, खळ्यावरून खरेदी केंद्रावर, केंद्रावरून राईस मिलकडे. आपल्या घरचा माणूस त्या ट्रॅक्टरवर बसलेला असतो. म्हणून हा विषय घेतला.

तुमच्यापैकी जे पन्नाशीच्या पुढचे आहेत, त्यांनी बंडी हाकली असेल. बंडीला आख एक आणि चाके दोन. म्हणजे बंडी हा एक तराजूच झाला. आख ही तराजूची मधली जागा. पुढे धूर, मागे साटा. भार मागे जास्त झाला की बंडी उलार होते. धूर वर उचलली जाते. तिच्याबरोबर जू वर जाते आणि जुपण्या बैलांच्या गळ्याला आवळतात. बैल माना वर करतात, डोळे फिरवतात. उलट भार पुढे जास्त झाला तर सगळे ओझे बैलांच्या मानेवर येते. दोन कोस गेले की खांदे सुजतात.

मग शहाणा धुरकरी काय करीत असे? बंडी भरून झाली की तो बैल जुंपायच्या आधी धूर हाताने उचलून पाहत असे. धूर एका माणसाला उचलता आली पाहिजे. पण सोडली की ती आपण होऊन खाली आली पाहिजे. एवढीच परीक्षा. चढ लागला की तो पुढे सरकून धुरेवर बसे. उतार लागला की मागे सरके. आपल्या अंगाच्या वजनाने तो भार मागेपुढे करी. त्याला कोणी पुस्तकातून शिकवले नव्हते. बापाने शिकवले, आणि बैलांनी शिकवले.

आणखी एक गोष्ट तो जाणत होता. उंच बैल जुंपले की धूर वर जाते आणि साटा मागे झुकतो. मग तेच पोते, तीच बंडी, पण उलार व्हायला लागते. म्हणून जोडी पाहून तो भरण्याची रीत बदलत असे.

आता ट्रॅक्टरकडे या. आपल्याकडची दोन चाकांची ट्रॉली म्हणजे लोखंडाची बंडीच आहे. आख एक, चाके दोन, पुढे दांडी. फरक इतकाच की दांडी बैलांच्या मानेवर नसते, ट्रॅक्टरच्या मागच्या हुकावर असते. बैल बोलत नसला तरी भार चुकला की तो अडतो, फुसफुसतो. ट्रॅक्टर काहीच सांगत नाही. तो चुकीचा भारही निमूटपणे ओढतो. आणि ड्रायव्हरची सीट पक्की बसवलेली असते. त्याला चढावर पुढे सरकता येत नाही. म्हणून जे काही करायचे, ते भरतानाच करावे लागते.

चार चाकांची ट्रॉली वेगळी. कोल्हापूर, सांगलीकडे ऊस नेताना एका ट्रॅक्टरमागे दोन दोन ट्रॉल्या दिसतात. चार चाकांच्या ट्रॉलीची पुढची चाके वळतात आणि तिचा भार तिच्याच चारी चाकांवर राहतो. हुकावर जवळजवळ काही येत नाही. तिचे दुखणे निराळे आहे, ते आज नको. आपण दोन चाकांच्या ट्रॉलीचेच बोलू.

पाटी घ्या. थोडा हिशेब करू.

समजा, ट्रॉलीत ७५ कट्टे धान भरले. कट्टा ४० किलोचा. ७५ गुणिले ४०, म्हणजे ३,००० किलो. समजा, हुकापासून ट्रॉलीच्या आखापर्यंत अंतर १० फूट आहे. ट्रॉलीचे स्वतःचे वजन सध्या सोडून द्या.

सगळे कट्टे सारखे पसरले, तर भाराचा मध्य अगदी आखावर येईल. मग हुकावर काहीच भार नाही. आता काही कट्टे मागचे काढून पुढे ठेवले. भाराचा मध्य आखाच्या १ फूट पुढे आला. मग हुकावर किती भार येईल? ३,००० ला १ ने गुणा, १० ने भागा. ३०० किलो. म्हणजे एकूण भाराचा दहावा हिस्सा.

मध्य ४ फूट पुढे गेला तर? ३,००० गुणिले ४, भागिले १०. बाराशे किलो! सात-आठ बैलांच्या पाठीवर बसेल एवढे ओझे एका हुकावर.

आणि मध्य अर्धा फूट मागे गेला तर? मग हिशेब उलटा होतो. दांडी १५० किलोच्या जोराने हुकाला वर उचलते. ट्रॅक्टरची मागची चाके हलकी होतात. हीच उलार ट्रॉली.

आता ट्रॅक्टर पाहा. ट्रॅक्टरसुद्धा एक तराजू आहे. त्याची मधली जागा म्हणजे मागचा आख. हुक त्या आखाच्या मागे असतो. समजा, २ फूट मागे. पुढची चाके समजा ६ फूट पुढे. हुकावर ३०० किलो दाबले, तर पुढच्या चाकांवरून किती भार उचलला जाईल? ३०० गुणिले २, भागिले ६. शंभर किलो. हुकावर बाराशे किलो आले तर चारशे किलो उचलले जातील.

समजा, ट्रॅक्टरचे वजन २,००० किलो आहे आणि त्यातले ८०० किलो पुढच्या चाकांवर आहे. शंभर गेले, सातशे उरले. चिंता नाही. पण चारशे गेले की चारशेच उरले. युरोपात असा दंडक आहे की ट्रॅक्टरच्या रिकाम्या वजनाचा निदान पाचवा हिस्सा पुढच्या चाकांवर राहिलाच पाहिजे. दोन हजाराचा पाचवा हिस्सा किती? चारशे. म्हणजे सपाट जमिनीवर उभे असतानाच आपण काठावर आलो.

आणि आता चढ लागला, तर?

ट्रॉली स्वतः हजार किलोची धरू. भारासह ४,००० किलो. दहा फुटाला एक फूट असा चढ असेल तर ती नुसती वर ओढायला ४०० किलोचा जोर लागतो. हा जोर हुकावर मागे ओढतो. हुक जमिनीपासून दीड फूट उंच असेल तर या ओढीने पुढची चाके आणखी १०० किलोने हलकी होतात. हुक ३ फूट उंच असेल तर २०० किलोने. म्हणजे चारशेचे तीनशे झाले, नाहीतर दोनशेच झाले. त्यात एखादा खड्डा आला, किंवा ड्रायव्हरने क्लच झटकन सोडला, की पुढचे चाक जमीन सोडते. मग स्टिअरिंग कितीही फिरवा, ट्रॅक्टर वळत नाही.

पाटीवरचे हे आकडे मी सोयीसाठी धरले आहेत. तुमच्या ट्रॅक्टरचे, तुमच्या ट्रॉलीचे आकडे निराळे निघतील. घरी जाऊन फूटपट्टीने मोजा आणि पुन्हा हिशेब करा. रीत हीच.

एका गावी नहराच्या पाळीवर चढताना मी हा प्रकार डोळ्यांनी पाहिला. ट्रॉलीत विटा होत्या. उतरवायला सोपे जावे म्हणून मागचा भाग मोकळा ठेवून सगळ्या विटा पुढे रचल्या होत्या. पाळीवर चढताना ट्रॅक्टर घोड्यासारखा पुढून उठला. ड्रायव्हर जुना माणूस होता. त्याने त्याच क्षणी क्लच दाबला. पुढची चाके धाडकन खाली आली. कोणाला लागले नाही. पण तो खाली उतरला तेव्हा त्याला बोलता येईना. ही गोष्ट लक्षात ठेवा: पुढचे चाक उठले की आधी क्लच. ब्रेक नंतर. क्लच दाबला की चाकांचा जोर सुटतो आणि ट्रॅक्टर आपल्या वजनाने खाली बसतो. विचार करायला वेळ नसतो. म्हणून हे आधीच अंगात भिनलेले पाहिजे.

हे दुखणे नवे नाही. अमेरिकेत १९१७ पासून फोर्डसन नावाचा ट्रॅक्टर मोठ्या संख्येने निघू लागला. स्वस्त होता, हलका होता. त्याच्यामागे साखळीने नांगर बांधत. नांगर दगडाला किंवा मुळाला अडकला की मागची चाके थांबत, पण इंजिन थांबत नसे. मग ट्रॅक्टर पुढून उठे आणि मागे ड्रायव्हरच्या अंगावर पडे. कितीतरी माणसे अशी गेली.

आयर्लंडमध्ये हॅरी फर्ग्युसन नावाचा एक मेकॅनिक होता. शेतकऱ्याचाच मुलगा. त्याने या गोष्टीचा अनेक वर्षे विचार केला. नांगर साखळीने बांधायचाच नाही, असे त्याने ठरवले. खाली दोन दांडे आणि वर एक दांडा, अशा तीन दांड्यांनी त्याने नांगर ट्रॅक्टरला जोडला. नांगर अडकला की वरचा दांडा ट्रॅक्टरला पुढे रेटतो आणि पुढची चाके वर उठण्याऐवजी जमिनीवर दाबली जातात. जो जोर ट्रॅक्टर उलटवत होता, तोच जोर त्याने ट्रॅक्टर धरून ठेवायला लावला. १९३६ साली या रीतीचे ट्रॅक्टर बाजारात आले. आज तुमच्या प्रत्येकाच्या ट्रॅक्टरला मागे ते तीन दांडे आहेत. मॅसी फर्ग्युसन हे नाव तुम्ही ट्रॅक्टरच्या बोनेटवर वाचले असेल. त्यातला फर्ग्युसन तो हाच.

पण इथे एक घोटाळा होतो. तो वरचा दांडा, ज्याला ड्रायव्हर मंडळी टॉप लिंक म्हणतात, तो जिथे बसतो ती जागा उंच आहे. मागच्या आखाच्या वर आहे. फसलेली गाडी ओढायची असली किंवा झाडाचा बुंधा ओढायचा असला की कोणीतरी साखळी तिथेच अडकवतो. ती जागा हाताशी असते ना! हे कधीही करू नका. उंच जागेवरून ओढले की ट्रॅक्टर मागे उलटतो. आपण आताच हिशेब केला: दीड फुटाला शंभर, तीन फुटाला दोनशे. ओढायचे ते नेहमी खालच्या हुकावरून. कंपनीने हुक जिथे दिला आहे, तिथूनच. काही जण ट्रॉली सपाट दिसावी म्हणून लोहाराकडून हुक वर उचलून वेल्डिंग करून घेतात. ट्रॉली सपाट दिसते खरी. पण ट्रॅक्टरचा तोल जातो. सपाट करायचे असेल तर ट्रॉलीची दांडी खालीवर करून घ्यावी, ट्रॅक्टरचा हुक नव्हे.

आता परदेशातली एक युक्ती सांगतो. ती आपल्या ट्रॅक्टरसाठी नाही, हे आधीच सांगून ठेवतो. पण तिच्यातून भाराची गोष्ट फार चांगली कळते.

अमेरिकेत लोक मोटारीमागे घरासारख्या ट्रॉल्या जोडून फिरायला जातात. आत चूल, खाट, सगळे असते. दांडीचा भार मोटारीच्या शेपटीवर येतो. मोटारीला स्प्रिंगा असतात. त्यामुळे ती मागे बसते आणि तोंड वर करते. पुढची चाके हलकी होतात. रात्री तिचे दिवे समोरच्याच्या डोळ्यांत जातात. यावर त्यांनी एक खास जोडणी काढली. तिला भार वाटून देणारी जोडणी म्हणू या.

बांधकामावर तुम्ही एका चाकाची हातगाडी पाहिली असेल. मागचे दोन दांडे वर उचलले की काय होते? भार पुढच्या चाकावर जातो. या जोडणीत तसेच दोन पोलादी दांडे असतात. ते मोटारीच्या हुकापासून निघून ट्रॉलीच्या दांडीखालून मागे जातात. त्यांची मागची टोके साखळीने ट्रॉलीच्या दांडीला वर ओढून बांधतात. साखळी जितकी आखूड, तितके दांडे ताणले जातात. ताणले की हातगाडीचे दांडे उचलल्यासारखे होते. शेपटीवर बसलेला भार थोडा मोटारीच्या पुढच्या चाकांवर जातो, थोडा मागे ट्रॉलीच्या चाकांवर जातो. भार कमी होत नाही, बरे का. तो फक्त वाटला जातो.

ती जोडणी बसवण्याची रीत मला फार आवडली. मोटार आणि ट्रॉली सपाट जागेवर एका रेषेत उभी करतात. ट्रॉली जोडण्याआधी पुढच्या चाकावरच्या पत्र्याची जमिनीपासूनची उंची मोजतात. समजा, ८० सेंटीमीटर आली. ट्रॉली जोडली की पुन्हा मोजतात. समजा, ८४ आली. म्हणजे तोंड चार सेंटीमीटर वर उठले. मग साखळीची एक एक कडी घेत पुन्हा मोजतात. कंपनीच्या पुस्तकात लिहिलेले असते की किती खाली आणायचे. कोणी म्हणते पुरते, कोणी म्हणते निम्मे. तेवढे आले की थांबायचे. जास्त ताणायचे नाही. जास्त ताणले तर मागची चाके हलकी होतात आणि ब्रेक लावताना गाडी घसरते. साखळी चढवताना आधी जॅकने मोटारीची शेपटी आणि दांडी मिळून वर उचलतात, म्हणजे ताण कमी होतो. नाहीतर साखळीचा दांडा उसळून हात मोडतो.

पाहा, अंदाज नाही. मोजपट्टी आहे. आणि तिथेही पहिला नियम आपल्या धुरकऱ्याचाच: ट्रॉलीच्या एकूण वजनाचा दहावा हिस्सा ते फार तर पंधरा टक्के भार दांडीवर असावा. ट्रॉली चुकीची भरली असेल तर ही जोडणी ती दुरुस्त करू शकत नाही.

ट्रॅक्टरला मागे स्प्रिंगा नसतात. म्हणून तो शेपटीवर बसलेला दिसत नाही. मोजपट्टी लावून उपयोग नाही. मग आपण काय करायचे? काट्यावर जायचे. राईस मिलजवळ, महामार्गाच्या कडेला गाड्या तोलायचे मोठे काटे असतात. एकदाच थोडे पैसे द्या आणि तीन वेळा तोला. पहिल्यांदा ट्रॅक्टर एकटा, पण फक्त पुढची चाके काट्यावर. दुसऱ्यांदा भरलेली ट्रॉली जोडून पुन्हा फक्त पुढची चाके. तिसऱ्यांदा सगळी गाडी काट्यावर. पहिल्या दोन आकड्यांची वजाबाकी केली की किती भार उचलला गेला ते कळेल. वर्गात वजाबाकी शिकलात ती इथे उपयोगी पडली की नाही? पुढचा भार फार कमी निघाला तर भराई बदला. तरीही कमी असेल तर कंपनीची लोखंडी वजने मिळतात, ती ट्रॅक्टरच्या पुढे लावा. दगड बांधू नका. दगड सुटतो.

भराई कशी करायची? पहिले कट्टे आखाच्या वर. मग पुढे आणि मागे रचत जायचे. शेवटी थोडे जास्त पुढे. जड माल खाली, हलका वर. तणीस भरताना फार लोक फसतात. तणीस हलकी, म्हणून वाटेल तशी रचतात. मागे चार चार हात बाहेर काढतात. मागे बाहेर गेलेला हलका भारही लांब असल्यामुळे जोर करतो. तराजूची दांडी लांब असली की छटाकही बोलतो. बांबू, बल्ल्या यांचेही तेच.

ट्रॉली सोडताना जास्त काळजी घ्या. खरेदी केंद्रावर रांग असली की ट्रॉली उभी ठेवून ट्रॅक्टर घरी नेतात. भरलेली ट्रॉली पुढे जड असेल तर पिन काढताच दांडी पायावर पडते. उलार असेल तर पिन काढताच दांडी उसळते आणि वाकलेल्या माणसाच्या हनुवटीला लागते. आधी चाकांना दगड लावा. मग दांडीखाली जॅक किंवा पक्का टेकू द्या. मग पिन काढा. पिनेच्या वर उभे राहून वाकू नका, बाजूला उभे राहा. आणि उतरवताना पुढचे कट्टे आधी काढू नका. मागचे राहिले की ट्रॉली उलार होऊन मागे कलते.

उलार ट्रॉलीचे आणखी एक दुखणे. ती रस्त्यावर झुलते. आधी थोडी डावीकडे, मग उजवीकडे, मग जास्त. शेपटीचा भार तिला फिरवत राहतो. वेग वाढला की झुलणे वाढते. अशा वेळी नवखा ड्रायव्हर स्टिअरिंग उलटसुलट फिरवतो आणि झुलणे आणखी वाढवतो. तसे न करता स्टिअरिंग सरळ धरावे आणि पाय हळूच एक्सिलेटरवरून काढावा. वेग कमी झाला की ट्रॉली शांत होते. मग थांबून भार पुढे घ्यावा. तसेच पुढे जाऊ नये.

उतारावर मात्र ट्रॉली ओढली जात नाही, ती ढकलते. आपल्याकडच्या बहुतेक ट्रॉल्यांना स्वतःचा ब्रेक नसतो किंवा असला तरी चालत नसतो. चार हजार किलो मागून ढकलत असताना दोन हजार किलोचा ट्रॅक्टर ब्रेक लावतो. थोडा वाकडा असला की ट्रॉली त्याला आडवा करते. म्हणून उतार सुरू व्हायच्या आधीच लहान गिअर टाका. न्यूट्रल करून डिझेल वाचवू नका. चार रुपयांचे डिझेल वाचते आणि जीव जातो. आणि ट्रॅक्टरचे दोन्ही ब्रेक पॅडल रस्त्यावर येताना जोडून घ्या. बांधीत वळायला ते वेगळे लागतात. रस्त्यावर एकच दाबला गेला तर ट्रॅक्टर गर्रकन फिरतो.

आता भगिनींना सांगतो. रोवणीच्या दिवसांत तुम्ही ट्रॉलीत बसून दुसऱ्या गावी जाता. संध्याकाळी चिखलाने थकून परत येता. लग्नाला वऱ्हाड ट्रॉलीतून जाते. ट्रॉली माल न्यायला आहे. ती माणसांसाठी नाही, कायदाही तेच सांगतो. गावात दुसरे वाहन मिळत नाही, हेही मला माहीत आहे. पण माणूस हा असा भार आहे की जो स्वतः हलतो. गप्पा मारायला सगळ्या मागच्या पाटीवर जाऊन बसल्या की ट्रॉली उलार झाली. वळणावर सगळ्या एका बाजूला कलल्या की ती त्या बाजूला गेली. ट्रॉलीला आखावर स्प्रिंगा नसल्या तर प्रत्येक खड्डा थेट पाठीच्या कण्याला लागतो. मजूर नेणाऱ्याला सांगा, ऑटो कर, जीप कर. मजुरी ठरवताना हेही ठरवा. एकटीने सांगितले तर तो ऐकणार नाही. सगळ्यांनी मिळून सांगितले तर ऐकेल, कारण रोवणी थांबवून त्याला चालत नाही.

रात्रीचे थोडक्यात सांगतो. ट्रॉलीच्या मागे लाल दिवा आणि चकाकणाऱ्या पट्ट्या पाहिजेत. ट्रकवाल्याला तणसाची ट्रॉली अंधारात दिसतच नाही. पंक्चर झाली तर डांबरावर उभी ठेवू नका. पिनेला खालून खिळ पाहिजे, आणि तार गुंडाळून काम भागवू नका. पिन तुटली तरी दांडी धरून ठेवेल अशी एक जाड साखळीही पाहिजे.

एवढे बोलून मी थांबणार होतो, पण मागच्या रांगेतून एकाने हात वर केला आहे. काय म्हणतोस?

"गुरुजी, आमच्या गावात टँकरनं पाणी नेतात. टँकर अर्धा भरला तर भार कमी. मंग तो जास्त चांगला ना?"

नाही बाबू. वजन कमी झाले, पण पाणी कट्ट्यासारखे एका जागी बसत नाही. पूर्ण भरलेल्या टँकरमध्ये पाण्याला हलायला जागा नसते. अर्ध्या टँकरमध्ये चढावर सगळे पाणी मागे पळते. ट्रॉली उलार होते. ब्रेक लावला की तेच पाणी पुढे आदळते आणि सगळा भार हुकावर येतो. वळणावर बाजूला जाते. म्हणजे भाराचा मध्य क्षणाक्षणाला बदलतो. चांगल्या टँकरमध्ये आत आडव्या भिंती घातलेल्या असतात. त्यांना खाली भोके असतात, त्यातून पाणी हळूहळू जाते. तुमच्या टँकरमध्ये त्या आहेत का, ते झाकण उघडून बॅटरीने पाहा. नसतील तर वेल्डिंगवाल्याकडून बसवून घ्या. तोवर टँकर पुरता भरूनच न्या, नाहीतर रिकामा. एका गावाला अर्धा आणि दुसऱ्याला अर्धा द्यायचा असेल, तर मधल्या वाटेने सायकलच्या वेगाने जा.